वाचकांचे प्रश्न : बातम्यांचा घोर आणि हातातलं काम

प्रश्न : निवडणुकीच्या काळात येणाऱ्या जनमत चाचण्यांचे आकडे मी छंद म्हणून स्प्रेडशीटमध्ये भरतो आणि आलेख काढतो. गेल्या आठवड्यात माझ्या पसंतीचा पक्ष ४४ टक्क्यांवरून ४१ वर आला आणि माझी झोप उडाली. आलेखात काही चुकतंय का?

उत्तर : आलेख चुकत नसेल, वाचन चुकतंय. चाचणीतल्या चुकीची मर्यादा काढायला ९८ला नमुन्यातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. १,००० जणांचा नमुना असेल तर वर्गमूळ साधारण ३१.६, म्हणून मर्यादा ±३.१ टक्के. ४०० जणांचा असेल तर ±४.९. दोन स्वतंत्र चाचण्यांची तुलना करताना दोन्हींची चूक एकत्र येते, त्यामुळे १,०००च्या दोन चाचण्यांमध्ये साडेचार टक्क्यांच्या आतला फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. तुमची ३ टक्क्यांची ‘घसरण’ त्यातच बसते. पहिल्या आणि दुसऱ्या पक्षातली आघाडी मोजताना तर मर्यादा जवळजवळ दुप्पट धरावी लागते, कारण एकाकडून गेलेलं मत बऱ्याचदा दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं.

हे गणितसुद्धा नमुना खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडलेला असेल तरच लागू. नुसता आकार मोठा असून भागत नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांवर उत्तरपत्रिका गोळा करून लँडन जिंकणार असं सांगितलं, रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं जिंकून गेले. यादीच मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांची होती, आणि त्यांतही उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे वेगळ्या मताचे निघाले.

आता शीटकडे वळू. संस्था, मुलाखतींचा पहिला आणि शेवटचा दिवस, नमुना, पद्धत (फोन, ऑनलाइन की घरोघर) आणि ‘अजून ठरवलेलं नाही’ची टक्केवारी, एवढे रकाने हवेतच. यातला शेवटचा सगळे गाळतात आणि तिथेच फसतात. एका संस्थेने १२ टक्के कुंपणावरचे लोक धरून ४१ दाखवले आणि दुसरीने त्यांना वगळून आकडा दिला, तर तेच ४१ होतात ४६.६ (४१ भागिले ८८). मतदार जागचे हललेले नसतात, भाजक बदललेला असतो. म्हणून सगळे आकडे आधी एकाच पायावर आणा.

आलेखात तारीख म्हणून मुलाखतींच्या काळाचा मधला दिवस घ्या, बातमी छापून आल्याचा नको. ठिपके रेषेने जोडू नका. जोडले की डोळा लगेच चढ-उतार शोधू लागतो. प्रत्येक संस्थेची फक्त ताजी चाचणी धरून शेवटच्या पाच ते सात संस्थांचा मध्यक (आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा) काढा आणि रेषा त्याचीच ओढा. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण एखादा भरकटलेला आकडा त्याला ओढून नेत नाही. आणि शीट आठवड्यातून एकदाच उघडा. रोज उघडून दिसतो तो बहुतेक गोंगाट.

प्रश्न : राजकीय वातावरण तापलंय, त्यामुळे वीज दोन दिवस गेली तर राउटर, दोन दिवे आणि दोन फोन चालावेत अशी सोय घरीच करायची आहे. बॅटरी केवढी लागेल?

उत्तर : वॅट गुणिले तास, असा साधा हिशेब मांडा. राउटर १० वॅटचा, चोवीस तास : २४० वॅट-तास. ९ वॅटचे दोन एलईडी, पाच तास : ९०. फोनचे मिळून ४०. म्हणजे दिवसाला ३७० आणि दोन दिवसांना ७४०. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असं लिहिलेलं असतं, पण ती कमाल मर्यादा. खरा खप प्लगमध्ये बसणाऱ्या मीटरने मोजून घ्या.

खरी मेख इन्व्हर्टरमध्ये आहे. वीज बदलण्यात तो १५ टक्के खातोच, शिवाय बिनकामाचा नुसता चालू राहायला ८-१० वॅट घेतो. एका राउटरसाठी तो चोवीस तास चालू ठेवला, तर जवळपास राउटरइतकीच वीज तो स्वतः पितो. सगळं धरून ७४०चे सुमारे १,३५० होतात. त्यापेक्षा १२ व्होल्टचे एलईडी घ्या, फोनला १२ व्होल्टवर चालणारा यूएसबी चार्जर द्या आणि राउटरला बॅटरीवरून स्थिर १२ व्होल्ट देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर लावा. थेट जोडू नका. चार्जिंगच्या वेळी बॅटरीवर १४.४ व्होल्ट असतात आणि उतरताना ते ११च्या आसपास येतात. या पद्धतीने गरज साधारण ८२० वॅट-तासांवर येते.

लीड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणून १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची घ्यावी लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्के वापरता येते. १०० अँपिअर-तासांची पुरून उरेल. मात्र चार्जर तिच्यासाठीचाच हवा, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही.

फ्यूज प्लस टर्मिनलपासून वीतभराच्या आतच बसवा. इथे १० अँपिअरचा पुरे, पण वायर त्याहून जास्त प्रवाह सोसणारी असावी. फ्यूज वायरला वाचवायला असतो, राउटरला नाही. लीड-अ‍ॅसिड असेल तर खोली हवेशीर ठेवा, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. अशा बॅटऱ्या मरतात त्या बहुधा पडून राहिल्याने. शांत ठेवलेल्या बॅटरीवर १२.६-१२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४वर आली की चार्ज करा, नाहीतर प्लेटांवर सल्फेट धरतं. महिन्यातून एकदा मीटर लावणं पुरेसं.

आणि एक : तुमचा राउटर चालू असला तरी पलीकडच्या केंद्राची वीज गेली, तर नेट बंदच. त्या दिवशी बातमी देईल तो सेलवरचा रेडिओ.

प्रश्न : कानात बातम्या लावून पुस्तकांचं शेल्फ करतेय. फळ्या प्रत्येक वेळी तीनेक मिलिमीटर कमी भरतात. लक्ष नसल्यामुळे असेल का?

उत्तर : थोडंफार. पण तीन मिलिमीटर ही गोल करवतीच्या पात्याने खाल्लेली जाडीच दिसते. रेघेच्या टाकाऊ बाजूला पेन्सिलने फुली मारा आणि पातं फुलीच्या बाजूलाच राहू द्या. सगळ्या खुणा आधीच करून ठेवू नका. एक फळी कापा, मग पुढची मोजा.

बातम्या मात्र बंद करा. लाकूड पात्याला आवळायला लागलं की मोटरचा आवाज आधी जड होतो, करवत मागे उसळते ती त्यानंतर. तो आवाज ऐकू यायला हवा. कानाला गोंगाट रोखणारे मफ लावले तरी मोटरचा बदल कळतो, निवेदकाच्या आवाजाखाली कळत नाही.

लांबीचाही विचार करा. पुस्तकांनी भरलेली फळी किती वाकेल ते लांबीच्या चौथ्या घातावर ठरतं. ६० सेंटिमीटरऐवजी ९० घेतली, तर बाक पाचपट. १८ मिलिमीटर प्लायवूडला ७५च्या पुढे जाऊ नका, पार्टिकल बोर्डला ६०च्या. लांब हवीच असेल तर पुढच्या कडेला ४० मिलिमीटर उंच पट्टी उभी चिकटवा.

प्रश्न : मेहुणे आणि मी मिळून खोली रंगवतोय. राजकारणावरून रोज वाजतं आणि काम अडतं. शिवाय भिंतीच्या कडांना चौकटीसारखे पट्टे दिसतात.

उत्तर : पट्टे बहुधा वादाचेच. कडा ब्रशने भरल्यावर त्या ओल्या असतानाच रोलर यायला हवा. इमल्शन दहा मिनिटांत ओढू लागतं. एकाने कडा भरत मीटरभर पुढे राहावं, दुसऱ्याने लगेच मागून रोलर फिरवावा, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भिंत न थांबता पुरी करावी. मधे थांबून तावातावाने बोललात की कड सुकते. आता पूर्ण वाळू द्या, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने पट्टे हलके घासा, धूळ पुसा आणि सलग एक कोट द्या. मेहुण्यांशी वाद घालायला दोन कोटांमधले चार तास मोकळेच असतात. तेवढा वेळ रोलर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवा.