आमचं बाळ ३० आठवड्यांतच जन्मलं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. आमच्या जाण्याने त्याला इन्फेक्शन होईल का?

मी अकरा वर्षं एनआयसीयूत सिस्टर आहे. आईबाबांनी हात धुतले असतील आणि घरात सर्दी-खोकला नसेल, तर त्यांच्यामुळे धोका फार कमी. खरी काळजी असते ती एका बाळावरून दुसऱ्या बाळाकडे जाणाऱ्या आमच्या हातांची. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू वॉर्डात मुरतात आणि नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत.

आईकडून मिळणारी प्रतिकारशक्ती बाळात उतरते ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. तुमच्या बाळाला ती अर्धीमुर्धीच मिळाली आहे. कातडीही इतकी नाजूक, की चिकटपट्टी घाईने ओढली तर सालटं निघतं. जंतूला तेवढी वाट पुरते.

म्हणून बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर, दर वेळी हात धुवायचे: साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर असेल तर २० ते ३०. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून. सलाईनच्या नळीतून औषध देण्याआधी आम्ही तिचं तोंड स्पिरिटने घासायचं आणि वाळू द्यायचं. गडबडीत नेमकं हे वाळू देणंच राहतं. शिवाय 'सलाईनची ही सुई आज हवीच आहे का?' हे आम्ही रोज विचारलंच पाहिजे. एका पाळीत आठ बाळं माझ्या एकटीकडे असताना हात धुवायला वेळ पुरलेला नाही, हेही खरं सांगते. सिस्टर वाढवल्याशिवाय भिंतीवरच्या पाट्यांनी काही होत नाही.

तुमच्या हातात दूध आहे. पहिला चीक थेंबभर निघाला तरी आणून द्या. दूध येतच नसेल तर मातृदुग्धपेढीची चौकशी करा. अशा बाळांसाठीच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली पेढी सुरू केली. आणि कांगारू केअर कधीपासून देता येईल, ते रोज विचारा. बाळ आईच्या उघड्या छातीवर राहिलं की तिच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू त्याच्या कातडीवर वस्ती करतात, वॉर्डातल्या जंतूंना जागा कमी उरते. जागतिक आरोग्य संघटनाही २०२२ पासून सांगते, की शक्य तितक्या लवकर सुरू करा.

एवढ्या लहान बाळाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं, दूध पचत नाही, श्वास मध्येच थांबतो, रंग उतरतो. 'आज ते कालच्यासारखं वाटत नाही' एवढंच मनात आलं तरी लगेच सिस्टरना सांगा. आई असं म्हणाली की मी हातातलं काम ठेवून आधी त्या बाळाकडे जाते.