ग्रूमरने आमच्या शिह त्झूचे केस पार भादरून ठेवले. चूक कुणाची, आणि आता काय करायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तीन वर्षांचा शिह त्झू जातीचा कुत्रा. 'टेडी बेअर कट करा' असं सांगून ग्रूमरकडे सोडून आलात आणि घ्यायला गेलात तेव्हा समोर कान आणि डोळेच काय ते उरलेलं एक बारकुडं जनावर. विचारलं तर, "जट फार होती, दुसरा इलाजच नव्हता." तुम्ही तर रोज ब्रश करता, त्यामुळे हे तुम्हाला पटलेलं नाही. केस परत येतील का, पैसे परत मागावेत का आणि तिथे पुन्हा पाऊल टाकावं का, हे तुमचे तीन प्रश्न.

तिन्हींवर बोलते, पण आधी एक काम करा. कुत्र्याला उजेडात आडवा करा आणि केस किती उरलेत ते सोडून कातडी बघा. जांघा, काखा, शेपटीच्या खालची बाजू, कानांच्या कडा, पंजांच्या गाद्यांमधली फट. क्लिपरचं, म्हणजे केस कापायच्या मशीनचं, ब्लेड चालून चालून तापतं आणि पोटाखालच्या नाजूक कातडीला ते भाजतं. तिथे लाल चट्टे उठतात, आणि ते कधीकधी दुकानात दिसत नाहीत, घरी आल्यावर काही तासांनी दिसायला लागतात. मग कुत्रा ते चाटत बसतो आणि चाटून चाटून साध्या लालीची ओली जखम करून ठेवतो. असं काही दिसलं तर आधी फोटो काढा, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला आणि डॉक्टरांना दाखवा. माणसांची मलमं लावू नका, तो ती चाटून पोटात घेणार.

कानही बघा. जटलेले कान एकदम मोकळे झाले की काही कुत्री डोकं इतकं झटकतात की पाळीत रक्त साकळतं आणि पाळी पुरीसारखी फुगते. डोळा मिचकावत असेल किंवा पंजाने चोळत असेल तर उद्यावर टाकू नका. शिह त्झूचे डोळे बाहेर आलेले असतात, त्यांना ओरखडा लगेच बसतो. आणि पुढचे दोन-तीन दिवस पाठीवरून हात फिरवत राहा. अंघोळीनंतर पाठीवर दुखरे फोड येऊन कुत्रा मलूल झाला, हात लावू देईना, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. पाणी घालून पातळ करून ठेवलेल्या शांपूत जंतू वाढतात आणि घासताना ते केसांच्या मुळाशी जातात. हे क्वचित होतं, पण झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

कातडी स्वच्छ निघाली? मग बसा निवांत. आता आहे तो फक्त केसांचा प्रश्न.

माझा ल्हासा अप्सो, गुंड्या, पहिल्यांदा असाच भादरून आला तेव्हा मी दुकानातच आवाज चढवला होता. मीही रोज ब्रश करायचे. अगदी रोज, चहा पिता पिता. ग्रूमर वयाने लहान मुलगा, काही बोलला नाही. आत गेला आणि एक राखाडी तुकडा घेऊन आला. घोंगडीचा तुकडा असावा तसा. सलग, हातभर लांब, एका बाजूने मऊ, रेशमी, आणि दुसऱ्या बाजूने थापून बसवल्यासारखा. ती गुंड्याची पाठ होती. रेशमी बाजू मी रोज ब्रश करत होते ती. थापलेली बाजू कातडीला लागलेली, जिथे माझा ब्रश वर्षभरात एकदाही पोचला नव्हता.

तुमच्याकडेही असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण शंका घ्यायला जागा आहे. ब्रश वरून फिरतो आणि केस चमकतात, त्यामुळे आपल्याला वाटतं झालं. जट मात्र मुळाशी धरते: गळ्यातल्या पट्ट्याखाली, कानामागे, काखेत, जिथे घासलं जातं तिथे. त्यात आपण मध्येच अंघोळ घालतो. ओली झालेली जट वाळताना आणखी आवळते, आणि आधी बोटांनी सुटली असती ती गाठ मग कात्रीलाही दाद देत नाही.

आणि जट कातडीला चिकटलेली असली की ग्रूमरच्या हातात खरोखरच फार काही उरत नाही. ब्लेड जटेच्या वरून चालत नाही, तिच्या खालून घालावं लागतं. खाली जागा असते मिलिमीटरभर. म्हणजे केस किती ठेवायचे हे तुम्ही नाही, तो नाही, ती जट ठरवते. तास-दोन तास ओढून ओढून सोडवता येतं म्हणणारेही भेटतील. पण आपल्या केसांत एवढी गाठ असती तर आपण तरी कुणाला इतका वेळ ओढू दिलं असतं का? अशा वेळी भादरणं हीच दया असते.

पण म्हणून ग्रूमर सुटला असं नाही. त्याने तुम्हाला फोन करायला हवा होता. टेबलावर घेतल्यावर पाच मिनिटांत त्याला कळलं असणार की मागितलेला कट जमणार नाही. तेव्हाच "सगळे काढावे लागतील, चालेल का?" एवढं विचारलं असतं तर तुम्ही मनाची तयारी ठेवून गेला असता. माझ्या मते त्याची खरी चूक ही, केस काढण्याची नव्हे. आणि ही चूक लहान नाही.

आता 'टेडी बेअर कट' या शब्दांबद्दल. या नावाला ठरलेलं माप नाही. 'पपी कट'लाही नाही. एका दुकानात ते दोन इंच असतं, दुसऱ्यात अर्धा. आपण फोनवर जो फोटो दाखवतो त्यातलं कुत्रं बहुधा वेगळ्या पोताच्या केसांचं असतं, नुकतंच ड्रायरने फुलवलेलं असतं, आणि फोटोनंतर तासाभरात तेही तसं दिसत नसणार. तेव्हा नाव सांगू नका, माप सांगा. क्लिपरच्या ब्लेडचे आकडे उलटे चालतात हे मला फार उशिरा कळलं: आकडा मोठा तितके केस बारीक. 10 नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं, 7 नंबर तीनच्या आसपास, 5 नंबर सहा, 4 नंबर नऊ-साडेनऊ. त्याहून लांब हवे असतील तर ब्लेडवर प्लास्टिकची किंवा स्टीलची फणी चढवतात किंवा कात्रीने कापतात. तुमच्या कुत्र्यावर कोणतं ब्लेड चालवलं हे विचारून घ्या आणि लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडेल.

मापातही घोटाळा होतो, तो माझा ऐका. दुसऱ्या वेळी मी शहाणी होऊन गेले आणि ठणकावून सांगितलं, "एक इंच." त्याने इमानेइतबारे एक इंच कापला. मला म्हणायचं होतं एक इंच ठेव. गुंड्या जवळपास जसा गेला तसाच परत आला आणि तीन आठवड्यांत पुन्हा डोळ्यांवर झिपऱ्या. तेव्हापासून मी 'काढा' हा शब्दच वापरत नाही. "एवढे ठेवा" म्हणते आणि बोटांच्या चिमटीत धरून दाखवते. पाठीवर एवढे, पायांवर एवढे, तोंड गोल, शेपटीला हात नाही. आणि शेवटी, "जमणार नसेल तर कापायच्या आधी फोन."

केस परत येतील. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे दीर्घकाळ वाढत राहतात, त्यामुळे त्यांना भादरल्याने कायमचं काही बिघडत नाही. पुन्हा गोबरा दिसायला दोन-तीन महिने धरून चाला. मधल्या काळात नाकाच्या वरचे खुंट उभे वाढून डोळ्यांत टोचतात, तेवढं सांभाळा. काही महिन्यांनीही केस आलेच नाहीत किंवा चकत्या चकत्यांनी आले, तर ग्रूमरला बोल लावण्याआधी डॉक्टरांना थायरॉइड तपासायला सांगा.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे पॉमेरेनियन, हस्की, जर्मन शेफर्ड किंवा गोल्डन रिट्रीव्हर असेल तर मात्र हा दिलासा तुम्हाला लागू नाही. यांच्या अंगावर दोन थर असतात, आत मऊ लोकर आणि वर राठ केस. तो वरचा थर मुळाशी कापला की कधीकधी महिनोन् महिने, क्वचित वर्षभरही नीट येत नाही. जागोजागी टक्कल राहतं किंवा पोत बदलतो. "उन्हाळा आहे, भादरून टाकू, थंड वाटेल त्याला" असं जो ग्रूमर म्हणेल त्याला नमस्कार करून बाहेर पडा. कुत्र्याला अंगभर आपल्यासारखा घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकून थंड होतो, आणि वरचा थर त्याचं उन्हापासून रक्षण करत असतो. अशा कुत्र्याची आतली गळती लोकर विंचरून काढायची असते, बस्स.

पैशांचं म्हणाल तर मी पूर्ण परत मागितले नसते. जटलेलं कुत्रं भादरणं हे नेहमीच्या कटापेक्षा जास्त कष्टाचं काम आहे. मात्र फोन न केल्याबद्दल स्पष्ट बोलले असते, आणि तेही दुसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर. तीन गोष्टी विचारा: जट नेमकी कुठे होती, कोणतं ब्लेड वापरलं, आधी का नाही सांगितलं. ज्याने काम प्रामाणिकपणे केलंय तो या तिन्हींची सरळ उत्तरं देतो, बहुतेक वेळा तिसऱ्यावर ओशाळतोही. असा माणूस सोडू नका. तो घोंगडीचा तुकडा दाखवणारा मुलगा पुढे चार वर्षं आमचा ग्रूमर होता.

ज्याला सोडला तो दुसराच. तो मुलगा सुट्टीवर असताना एकदा नवीन ठिकाणी नेलं. कट इतका देखणा की जिन्यात शेजारी थांबून कौतुक करून गेले. रात्री गुंड्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूला चाटत बसलेला दिसला, बॅटरी लावून बघितलं तर करंगळीएवढा काप आणि त्यावर पांढरी पूड. रक्त थांबवायची पूड. म्हणजे कापलं हे त्यांना माहीत होतं, पूड लावली होती, आणि मला हातात देताना अवाक्षर काढलं नव्हतं. वळवळणाऱ्या कुत्र्याला कधी काप जाणारच, नखाला रक्त येणारच, त्याचं मला काही वाटत नाही. लपवलं याचं वाटलं. तिथे मी डॉक्टरांचं बिल नेऊन ठेवलं, त्यांनी ते भरलं, आणि मी पुन्हा गेले नाही. तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने कट कसा केला यावरून काढू नका. काय सांगितलं आणि काय नाही, यावरून काढा.

घरी करायचं ते एवढंच की ब्रशच्या जोडीला बारीक-जाड दातांचा स्टीलचा कंगवा घ्या. केस हाताने वर उचलून धरायचे, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडत विंचरायचे. ब्रश झाल्यावर कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तर काम झालं. अडकला तिथे जट आहे, मग वरून कितीही चमको. गाठ सोडवायची ती अंघोळीच्या आधी, नंतर नाही. आत्ता केस आखूड आहेत, हीच सवय लावायची वेळ आहे. दोन मिनिटांत होतं आणि तोही कुरकुरत नाही. ग्रूमरकडे चार ते सहा आठवड्यांनी फेरी ठेवलीत तर पुन्हा भादरायची पाळी यायची नाही.

तो रुसून कोपऱ्यात बसलाय असं तुम्ही लिहिलंय. लाज वाटली म्हणून नसावं ते. अंगाला एकदम वारा लागतोय, बसलं की फरशी गार लागतेय, त्यात घरातले बघून हसतायत. आमच्या सासूबाईंनी "हे कुणाचं उचलून आणलंस?" विचारल्यावर गुंड्या पलंगाखाली गेला तो रात्रीच्या जेवणालाच बाहेर आला. दोन दिवसांत विसरेल. तोवर भर उन्हात नेऊ नका, कातडी भाजते, आणि रात्री एखादं जुनं पांघरूण टाका.

आणि हो, गळ्यातला पट्टा आजच्या आज एक-दोन भोकं आत घ्या. केस गेले की तो सैल होतो, आणि आपल्या ते लक्षात येत नाही. गुंड्याने भादरलेल्या दिवशीच फाटकापाशी मान मागे ओढली आणि पट्टा माझ्या हातात ठेवून तो पळाला.