वाचकांचे प्रश्न : तळावलीचे सांत आना चर्च

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत गोव्यात तिसवाडीतील तळावली गावचे सांत आना चर्च पाहिले. एवढ्याशा गावात इतके भव्य चर्च कोणी आणि कशाच्या बळावर बांधले? जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन या ख्रिस्ती संन्यासी संघाचे प्रचंड चर्च कोसळले आणि हे मात्र उभे आहे, ते कसे?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : या चर्चचे बांधकाम १६८१च्या सुमारास तेथील धर्मगुरू मोन्सेन्योर फ्रान्सिस्को दो रेगो यांनी सुरू केले आणि १६९५ मध्ये फादर आंतोनियो फ्रान्सिस्को दा कुन्या यांनी ते पूर्ण केले. साथीचे रोग आणि खालावलेला व्यापार यांमुळे जुने गोवे शहर उतरणीला लागले होते, नेमक्या त्याच काळात जवळच्या खेड्यात ही वास्तू उभी राहत होती. गोव्यातील ग्रामचर्चच्या खर्चाचा मोठा भार गावकरी संस्था उचलत असत, कारण गावची शेते, बांध आणि मानपान यांची व्यवस्था त्यांच्याच हाती होती. मात्र १५४०च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले, हेही येथे सांगितले पाहिजे; ते वगळून या वास्तूंचा इतिहास सांगणे अप्रामाणिक ठरेल.

ऑगस्टिनियनांच्या चर्चशी आपण केलेली तुलना योग्यच आहे. तळावलीचा जोडमनोऱ्यांचा दर्शनी भाग त्याच चर्चवरून बेतला असावा, असे अभ्यासक मानतात. मग एक पडले आणि एक टिकले, याचे कारण माझ्या मते आराखड्यात नाही, तर देखभालीत आहे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना गोव्यातून घालवले, मठ ओस पडले आणि १८४२ मध्ये ऑगस्टिनियनांच्या चर्चची कमान आत कोसळली. त्याची घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढवली गेली, १९३१ मध्ये दर्शनी भागही ढासळला आणि आज सुमारे ४६ मीटर उंचीचा एकच भग्न मनोरा उरला आहे. तळावलीचे चर्च मठाचे नव्हते, धर्मग्रामाचे, म्हणजे गावच्या ख्रिस्ती रहिवाशांचे होते. तेथे बाप्तिस्मे, लग्ने आणि अंत्यविधी होतच राहिले. जुलैअखेरीस संत ॲनाचे फेस्त (उत्सव) आजही भरते आणि अपत्यप्राप्तीसाठी जोडपी तेथे काकड्या वाहतात. माणसांचा राबता असला की कौल सरकल्याचे वेळेवर कळते.

या दोन्ही वास्तू जांभ्याच्या आहेत. खाणीतून काढताना जांभ्याचा चिरा मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होतो, हे कोकणात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. पण तो सच्छिद्र असल्यामुळे गोव्याच्या पावसात उघडा राहिला की पाणी पितो, त्याचे कण सुटू लागतात आणि फटीत पिंपळ रुजतो. म्हणून शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा आणि त्यावरची सफेदी हा अशा इमारतीचा साज नसून तिचे संरक्षण आहे. याचा उलटा दाखला जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिका या चर्चमध्ये दिसतो. इमारत प्राचीन दिसावी म्हणून १९५०च्या दशकात तिचा बाहेरचा गिलावा काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून तिचा जांभा दर पावसाळ्यात झिजतो आहे. लाल दगड छायाचित्रात उठून दिसतो, हे मान्य. परंतु तिच्या बांधणाऱ्यांनी ती तशी उघडी ठेवण्यासाठी बांधलेली नव्हती.

पुन्हा जाणे झाले, तर आत शिंपल्याच्या आकाराची नक्षी अवश्य पाहावी. भिंतींची जाडीही निरखावी; पापनिवेदनाला येणाऱ्यांसाठी त्या काही ठिकाणी आतून पोकळ ठेवल्या आहेत. आपल्या गावातील जुन्या जांभ्याच्या चर्चची किंवा देवळाची डागडुजी निघाली असेल, तर सिमेंटचा गिलावा करू देऊ नये. चुन्यातून भिंतीतील ओल बाहेर पडते, सिमेंटखाली ती अडकते आणि दगड आतल्या आत कुजत जातो.