शेजारधर्मातला धर्म कुठला?

दादरच्या एका ताईंनी विचारलंय: "मुलाच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे. विषय, नीती धर्मातून येते की माणसांच्या सामाईक अनुभवातून? तो धर्माच्या बाजूनं बोलणार आहे. म्हणतो, मराठीत 'शेजारधर्म' शब्दच आहे, म्हणजे शेजाऱ्याला मदत करा हे धर्मानंच सांगितलं. हे बरोबर आहे का?"

चिरंजीव हुशार आहेत, पण हा मुद्दा काढला तर समोरचे त्यांना तिथंच गाठतील.

फॉर्मवरच्या रकान्यात आपण भरतो तो धर्म वेगळा आणि समासाच्या शेपटाला येतो तो वेगळा. मूळ धातू 'धृ', म्हणजे धरणं, धारण करणं. पाण्याचे गुणधर्म शिकताना पाण्याची जात कोणी विचारत नाही. निवडणुका आल्या की पेपरात 'आघाडीधर्म' आणि 'युतीधर्म' रोज मोडतात, त्यांचाही कुठला ग्रंथ नाही. त्या नात्यात राहायचं तर जे पाळावं लागतं, ते इथं 'धर्म'.

गिरगावात आमच्या चाळीत पहाटे पाणी यायचं तासभर. शेजारची आंटी रविवारी सकाळच्या मिस्साला जायची, किल्ली आमच्या खुंटीला. आई आधी तिचं पिंप भरायची, मग आपलं. मी कुरकुरलो की म्हणायची, "शेजारधर्म आहे तो." आई गुरुवारी दत्ताच्या मठात जाणारी, आंटी चर्चमध्ये. यातला कुठला धर्म पिंप भरत होता?

'धर्मादाय'चंही तेच. वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंद तिथं होते. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत ठेवायच्या असतात. त्या खाटेसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, धर्माचा नाही. (तो दाखला मिळवताना मात्र देव आठवतो.)

मुलगा दुसऱ्या बाजूनं बोलणार असता तर मी त्याला 'माणुसकी' दिली असती. यातला 'की' पाहा: पाटीलकी, गावकी, भावकी, आपुलकी. पाटीलकी म्हणजे पाटलाचं पद, आणि पदाबरोबर आलेली कामंही. त्याच साच्यात माणूस घातला की माणुसकी. माणूस असणं हीसुद्धा एक जबाबदारीची जागा आहे, असं हा शब्द गुपचूप सांगतो. मला तो 'नैतिकता'पेक्षा कितीतरी आवडतो. 'नैतिकता' भाषणात बरी. घरात आपण एवढंच म्हणतो, "हे बरं दिसतं का?"

पण त्याला धर्माचीच बाजू लढवायची आहे, तर शेजारधर्म सोडून 'पापभीरू' घ्यायला सांगा. भीरू म्हणजे भित्रा, तरी मराठीत ही शिवी नाही, शिफारस आहे. स्थळाची चौकशी करताना "माणसं पापभीरू आहेत" म्हटलं की पुढचे चार प्रश्न वाचतात. इथं पापाचा धाकच चांगुलपणाची हमी देतो. हा पुरावा भक्कम आहे.

त्यावर समोरचे 'जनाची नाही तर मनाची तरी' काढतील. त्या म्हणीत लाज वाटायला साक्षीदार दोनच, जन आणि मन. देवाला बोलावलेलंच नाही. त्याचं उत्तर मात्र चिरंजीवांनी स्वतः शोधावं, आणि सापडलं तर मलाही कळवावं.