निर्वासित, हद्दपार की परागंदा?

मारिया थांब्रानो या स्पॅनिश तत्त्वचिंतक लेखिकेच्या निबंधांचा अनुवाद करणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : थांब्रानो स्वतःसाठी 'एक्सिलियादा' (आपला देश सोडून परक्या मुलखात राहावं लागलेली स्त्री) हा शब्द वापरतात. त्याला मराठीत 'निर्वासित' चालेल की 'हद्दपार'?

दोन्ही नकोत. (आणि कृपा करून 'झांब्रानो' लिहू नका. स्पेनमध्ये त्या 'झ'चा उच्चार कुणी करत नाही.)

'हद्दपार' व्हायला सरकारी हुकूम लागतो. थांब्रानोंना तसा हुकूम कुणी बजावला नव्हता. स्पेनच्या यादवी युद्धात 26 जानेवारी 1939 ला फ्रँकोच्या सैन्यापुढे बार्सिलोना पडलं आणि दोनच दिवसांनी त्या आईला व बहिणीला घेऊन फ्रान्सच्या सरहद्दीपलीकडे गेल्या. 'निर्वासित'चा तर आपण चोथा केला आहे. युद्धातून पळालेला, पुरात घर गेलेला, राजकीय आश्रय मागणारा, सगळे निर्वासितच. मूळ संस्कृत अर्थ 'घालवून दिलेला'. पण फाळणीनंतर कल्याणच्या छावण्यांपासून हा शब्द 'आसऱ्याला आलेला' या अर्थानेच रूढ झाला. नेमका हाच भेद थांब्रानोंनी 'लोस ब्येनाव्हेन्तुरादोस' (1990) या पुस्तकात केला आहे. 'रेफुखियादो'ला कुणीतरी जवळ करतं, 'देस्तेरादो'ला आपली भूमी हिरावली गेल्याचं दुःख असतं, आणि 'एक्सिलियादो'च्या वाट्याला येतं ते निव्वळ बेवारसपण. पहिल्याला 'निर्वासित' खुशाल द्या. दुसऱ्याला 'देशोधडीला लागलेला', कारण 'देस्तेरादो'च्या पोटात 'तिएरा', म्हणजे जमीन, आहे आणि आपल्या शब्दात देश आहे.

तिसऱ्यासाठी माझा शब्द ठरलेला आहे : परागंदा.

या शब्दाला 'परा' उपसर्ग लावून संस्कृत ठरवणारे लोक भेटले की माझा संताप होतो. कुणी त्यात फुलाचा परागही शोधतात! शब्द चक्क फारसी आहे. 'परागंदन' म्हणजे विखुरणं, उधळणं. 'परागंदा' म्हणजे विखुरलेला. 'शरमिंदा', 'जिंदा' यांच्याच गोतातला. आता ग्रीक 'डायस्पोरा' पाहा. त्यातही बी चहूकडे फेकण्याचंच चित्र आहे. हाकलणं दोन्हींत नाही, विखुरणं आहे. थांब्रानोंचं आयुष्य याच क्रियापदाने सांगता येतं : पॅरिस, मेक्सिकोतलं मोरेलिया, हवाना, पोर्तो रिको, पुन्हा पॅरिस, 1953 पासून रोम, मग फ्रान्समधलं ला पिएस हे खेडं, जिनिव्हा. 20 नोव्हेंबर 1984 ला त्या माद्रिदला परतल्या, पंचेचाळीस वर्षांनी. 1988 चा सेर्व्हांतेस पुरस्कार, म्हणजे स्पॅनिश साहित्यातला सर्वोच्च मान, मिळवणारी पहिली स्त्री ही अशी ठिकठिकाणी सांडत गेलेली होती.

स्पेनमधून मेक्सिकोत गेलेले तत्त्वज्ञ खोसे गाओस यांनी 'त्रान्स्तेरादो' असा शब्द घडवला : एका भूमीतून दुसऱ्या भूमीत रुजलेला. मेक्सिकोत भाषा तीच, म्हणून भूमीही जणू आपलीच. गाओसही थांब्रानोंसारखेच स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांचे शिष्य आणि विद्वत्तेला तोड नाही. पण हा शब्द मला अजिबात पटत नाही. तो जखमेवर फार लवकर खपली धरतो. थांब्रानोही मोरेलियात स्पॅनिशमध्येच शिकवत होत्या, 'फिलोसोफिया इ पोएसिया' हे त्यांचं पुस्तक तिथेच 1939 मध्ये निघालं. त्या काही तिथे रुजल्या नाहीत. परतल्यानंतर 1989 मध्ये त्यांनी 'मला माझं एक्सिलियो (परागंदापण) प्रिय आहे' अशा मथळ्याचा लेख लिहिला. रोपासारखा रुजलेला माणूस असा मथळा देणार नाही.

आक्षेप येईल की आज 'परागंदा' म्हटलं की कर्ज बुडवून पळालेला आठवतो. बातम्यांनी तसं केलं आहे खरं. पण निबंधाची मागची दोन पानं वाचून आलेल्या वाचकाला थांब्रानो कर्जबुडव्या वाटणार नाहीत. शिवाय 'एक्सिलियादो-एक्सिलियादा' या लिंगभेदाची कटकटही नाही : तो परागंदा, ती परागंदा, ते सगळे परागंदा.