टॉप फ्लोअरच्या फ्लॅटचा वादळाचा क्लेम: १५ टक्के मागणारा कन्सल्टंट नेमावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईत, ऐरोलीला वरच्या मजल्यावर फ्लॅट. मे महिन्यातल्या वादळात सोसायटीच्या गच्चीवरच्या शेडचे पत्रे उडाले आणि दोन खोल्यांत पाणी आलं. सव्वातीन लाखांचा क्लेम लावला, कंपनी ७२ हजार देते म्हणते. आता एक क्लेम कन्सल्टंट १५ टक्क्यांवर काम करायला तयार आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘सर्व्हेअर काय, कंपनीचाच माणूस.’

त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. मी परवानाधारक सर्व्हेअर, म्हणजे क्लेममधलं नुकसान तपासून अहवाल देणारा माणूस आहे. आमची फी कंपनी देते हे खरं, पण परवाना इर्डाईचा, म्हणजे विमा नियामकाचा असतो आणि अहवाल नुकसानीवर लिहायचा असतो, कंपनीच्या मर्जीवर नाही. जे तसं लिहीत नाहीत त्यांच्यावर माझा राग तुमच्यापेक्षा जास्त आहे.

टक्केवारीवर माणूस नेमू नका. एजंट, ब्रोकर, सर्व्हेअर यांना परवाना लागतो. क्लेम कन्सल्टंट नावाचा कुठलाच परवाना नाही. पॉलिसी ब्रोकरकडून घेतली असेल तर क्लेममध्ये मदत करणं हे त्याचंच काम, त्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. टक्केवारीवाला माणूस आकडा फुगवतो, आणि फुगवलेला आकडा दिसला की सर्व्हेअर खऱ्या आयटमकडेही संशयाने बघतो. तुम्हाला हवाय सिव्हिल इंजिनिअर, ठरावीक फीवर. का, ते घणसोलीतल्या एका फायलीवरून सांगतो, ती जवळपास तुमच्यासारखीच आहे.

२ बीएचके, वर गच्ची, गच्चीवर सोसायटीचं प्रोफाइल पत्र्याचं शेड. वाऱ्याने कडेची पत्र्यांची रांग उचकटली. पत्रे गच्चीवरून फरफटत गेले, त्यात ब्रिकबॅट कोब्याचा (गच्चीवरच्या वीटतुकड्यांच्या वॉटरप्रूफिंगचा) वरचा थर फुटला आणि पॅरापेटची, म्हणजे कठड्याची, कड तुटली. त्या रात्री आणि पुढच्या दोन सरींत पाणी थेट स्लॅबमध्ये. घरमालकाने इंटिरियरवाल्याकडून एका ओळीचं कोटेशन घेतलं: ‘संपूर्ण दुरुस्ती ३,६०,००० रुपये.’ पहिला सर्व्हेअर आला, सीलिंगचे चार फोटो काढले, गच्चीवर गेलाच नाही आणि लिहून मोकळा झाला: हळूहळू झालेली गळती, वादळाशी संबंध अंशतः. ऑफर ८८,००० ची.

गच्चीवर न चढता गळतीचं कारण लिहिता येत नाही. हे मी क्लेम डिपार्टमेंटच्या बैठकांत कितीतरी वेळा बोललोय आणि दर वेळी ‘वेळ कुठे असतो’ हेच उत्तर ऐकलंय. वेळ नसेल तर फाईल घेऊ नये.

त्या घरमालकाने मग ९,००० रुपये फीवर इंजिनिअर आणला. त्याने केलेलं काम असं. गच्चीवर जाऊन पर्लिनवरचे (पत्रे ज्यावर बसवतात त्या आडव्या पट्ट्यांवरचे) स्क्रू बघितले: स्क्रू जागेवर, वॉशर फाटलेले, पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून ओढला गेलेला, भोकं एकाच दिशेने लांबट झालेली. हे वाऱ्याच्या उचलीचं लक्षण. स्क्रू गंजून तुटले असते तर देखभालीचा दोष निघाला असता. फुटलेला कोबा आतून विटकरी आणि स्वच्छ होता. जुन्या भेगेत माती आणि काळं शेवाळ असतं. घरात सीलिंगवर डागाचं एकच कडं होतं. जुन्या गळतीत एकात एक तपकिरी कडी दिसतात, प्लास्टरवर लोणा (पांढरा क्षार) येतो, सळई गंजून फुगते. मग त्याने भिंतीवर पेन्सिलने सहा खुणा करून मॉइश्चर मीटरचं, म्हणजे ओल मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग आठ-आठ दिवसांनी तीन वेळा घेतलं. आकडे उतरत गेले. कायमची गळती असती तर ते तिथेच राहिले असते.

हे रीडिंग घेता आलं ते गच्चीवर लगेच ताडपत्री टाकली होती म्हणून. आपल्याकडे वादळ मे मध्ये येतं आणि जूनमध्ये पावसाळा लागतो. मधल्या दिवसांत गच्ची झाकली नाही, तर पावसाळ्याचं पाणी वादळाच्या पाण्यात मिसळतं आणि मग वेगळं काढणं कुणालाच जमत नाही. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीची अटही आहे. ताडपत्रीचं आणि मजुरीचं बिल जपून ठेवा.

आता अंदाजपत्रक. एका ओळीच्या कोटेशनमध्ये आम्हाला काहीच तपासता येत नाही, म्हणून आम्ही सरळ कापतो. त्या इंजिनिअरने मापं घेतली: पीओपी सीलिंग १३० चौ. फूट, पुट्टी-प्रायमर-रंग ५४० चौ. फूट, ९ लाइट पॉइंटची वायर, ७ बाय ७ फुटी भिंतीतल्या कपाटाचे तळाचे आणि बाजूचे पॅनल. कपाट पार्टिकल बोर्डचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डचं होतं. तो एकदा फुगला की पुन्हा बसत नाही, त्यामुळे बदली मान्य झाली. पण मालकाला त्याजागी वरच्या दर्जाचा मरीन प्लाय हवा होता, तो किमतीतला फरक सुधारणेत जातो आणि मिळत नाही. वायरिंगचा मेगर टेस्ट (वायरचं इन्सुलेशन तपासणारी चाचणी) रिपोर्ट जोडला होता, त्यामुळे त्यावर वादच झाला नाही. शेवटी २,१४,००० वर मिटलं. कन्सल्टंट असता तर त्यातले ३२,१०० गेले असते.

तुमची पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ असण्याची शक्यता जास्त. घरांच्या विम्याचा हा ठरवून दिलेला साचा १ एप्रिल २०२१ पासून आहे. त्यात वादळ, पूर यांसोबत आर्किटेक्ट, सर्व्हेअर, इंजिनिअरची वाजवी फी क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि डेब्रिज (राडारोडा) हलवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो. लोक मागतच नाहीत. इंजिनिअरचं बिल दुरुस्तीची पाहणी, मापं आणि अंदाजपत्रक यांचं घ्या. क्लेम भांडायची फी त्यात बसत नाही. अंडर-इन्शुरन्सची (विमा खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा घेतला म्हणून होणारी) कपात या पॉलिसीत नाही, तुमच्या ७२ हजारांत ती लावली असेल तर लेखी कारण मागा. घरातल्या सामानाला, तुम्ही स्वतः नको म्हटलं नसेल तर, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं कव्हर आपोआप असतं. भिंतीत ठोकलेलं कपाट इमारतीत धरायचं, सुटं फर्निचर सामानात. ही विभागणी चुकली की अर्धा क्लेम प्रश्नचिन्हात अडकतो.

सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ईमेलने. ती हातात आल्याशिवाय भांडू नका, कारण कशाशी भांडायचं तेच कळत नाही. इर्डाईच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत अहवाल यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. सर्व्हेअरचा अहवाल अंतिम नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय. इंजिनिअरच्या अहवालासह फेरपाहणी मागा आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडून घेऊन त्या दिवशी स्वतः हजर राहा. फुगलेला बोर्ड, पीओपीचे तुकडे तोवर फेकू नका. मोडीची किंमत वजा होईल, पण पुरावा राहील.

ऐकलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, एक महिना वाट, मग विमा लोकपाल. कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायचं, फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. तुम्हाला मुंबईला जायची गरज नाही. नवी मुंबईसाठीचं कार्यालय ठाण्यात, पूर्व द्रुतगती महामार्गावरच्या जीवन चिंतामणी इमारतीत आहे. तिथे कन्सल्टंट तुमच्या वतीने बोलू शकत नाही, तुम्हालाच बोलायचंय. मग त्याला १५ टक्के कशाचे?

दरम्यान कंपनीने ७२ हजारांचं व्हाउचर (रक्कम मान्य असल्याची पावती) पुढे केलं तर ‘हरकत राखून’ असं लिहून सही करा. तशीही व्हाउचरवरची सही जास्त रक्कम मागण्याचा हक्क संपवत नाही, हे नियामकाने २०१५ मध्येच कळवलंय. पण लिहिलेलं बरं. गृहकर्जाच्या बँकेमार्फत पॉलिसी असेल तर पैसे बँकेकडे जाऊ शकतात, आधी विचारून ठेवा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. शेड आणि गच्ची सोसायटीच्या मालकीची, त्यांचा क्लेम सोसायटीच्या पॉलिसीत. तुमच्या आणि त्यांच्या कागदांत वादळाची तारीख आणि कारण एकच यायला हवं. सेक्रेटरीने तिकडे ‘लीकेज जुनंच आहे’ असं लिहिलं की तुमचा क्लेम बुडाला. आणि खरंच गेल्या दोन-तीन सभांच्या इतिवृत्तात तुमच्या गळतीची तक्रार नोंदलेली असेल, तर तो भाग विम्यातून मागू नका. गच्चीच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीची जबाबदारी आहे, तिथे वेगळा अर्ज द्या. तुमच्या ७२ हजारांतही त्या सर्व्हेअरचं म्हणणं काही खोल्यांपुरतं बरोबर असू शकतं. इंजिनिअरला बोलावताना त्याला हे आधी सांगा आणि दोन्ही खोल्यांची रीडिंग वेगवेगळी घ्यायला लावा.