'इतर'च्या रकान्यात दडलंय काय?

"ताई, लग्नाला चार वर्षं झाली, मुलगी दीड वर्षाची आहे. दोघंही कमावतो, तरी २५ तारखेनंतर क्रेडिट कार्डावर दिवस काढावे लागतात. आठवड्याचा खर्च मांडून त्याला चारने गुणून मी महिन्याचं बजेट केलं होतं. पण हिशोबाची वही तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा दहा-बारा दिवसांत बंद पडली. रोज रात्री मी लिहायला बसते, नवऱ्याला विचारते, 'हे कशाला घेतलंस?' आणि भांडण होतं. परवा कळलं, त्याने एक खरेदी माझ्यापासून लपवली. रक्कम मोठी नव्हती, पण मला रडू आलं. वहीत बघितलं तर सगळ्यात मोठा आकडा 'इतर' या रकान्यात. आम्ही उधळे आहोत का?"

बाळा, उधळी माणसं बंद पडलेली वही तिसऱ्यांदा उघडत नाहीत.

लपवण्याचं आधी बोलू, कारण पत्रात तेच सगळ्यात जास्त दुखलेलं दिसतं. त्याने ती वस्तू तुला फसवायला लपवली असं मला वाटत नाही. रात्रीच्या त्या प्रश्नापासून त्याला सुटका हवी होती. 'हे कशाला घेतलंस?' हा प्रश्न तू काळजीपोटी विचारतेस, पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला तो झडतीसारखा वाटतो. आणि तुझ्या बाजूनेही बघ, घरच्या पैशांची सगळी चिंता एकटीच्या डोक्यावर घेऊन तूही दमली आहेस. तुमच्या घरात एक जण हिशोबनीस झालाय आणि दुसरा आरोपी. हे असंच चाललं तर चौथी वहीसुद्धा टिकणार नाही.

म्हणून पगार झाल्या दिवशी पहिलं काम हे करा: दोघांनी स्वतःसाठी थोडी रक्कम बाजूला काढा. कितीही लहान असो, पण दोघांची सारखीच. तिचा हिशोब विचारायचा नाही आणि द्यायचाही नाही. त्याने त्यातून काहीही आणलं तरी तू चकार शब्द काढायचा नाहीस. तुझ्या पैशांबाबत त्यानेही नाही. पैशाची ओढाताण असताना हे चैनीचं वाटेल, तरीही करा. लपवायचं कारणच उरणार नाही.

आता वही. पहिला महिनाभर काहीही कमी करू नका, फक्त लिहा. पाणी कुठे मुरतंय हे कळायच्या आधीच काटकसर केली की ती नको तिथे होते, आणि माणूस वैतागून वही मिटतो. जो खर्च करेल त्यानेच तो लिहायचा. वहीत लिहा की मोबाइलवर, जे तुमच्या हाताला सोपं ते.

'इतर' मात्र फोडावंच लागेल. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही छापून घराघरात नेली. काकेइबो म्हणतात तिला. त्या पद्धतीत आज खर्चाचे चार कप्पे करतात: गरजेचा, हौसेचा, पुस्तकं-शिक्षण अशा मनाला खाद्य देणारा आणि अचानक आलेला. तुझ्या बारा दिवसांच्या 'इतर'मधली एकेक नोंद या चार कप्प्यांत टाकून बघ. माझा अंदाज आहे की बरंचसं चौथ्यात पडेल, आणि गंमत म्हणजे त्यातलं खरंखुरं अचानक फार थोडं असेल. विम्याचा हप्ता दरवर्षी येतो. लेकीचे बूट दर तीन-चार महिन्यांनी आखूड होतात. लसीच्या तारखा तर कार्डावर आधीच लिहिलेल्या असतात. हे खर्च सांगून येतात, फक्त दर महिन्याला येत नाहीत, म्हणून आपण त्यांना पाहुणे समजतो. वर्षभरातले असे सगळे खर्च एका पानावर मांडा, बेरजेला १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. माझ्या मते तुमच्या महिनाअखेरच्या चणचणीचं मूळ इथे आहे. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

दुसरी चूक तुझ्या गुणाकारात आहे. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. महिना ३०-३१ दिवसांचा. वर्षाचे आठवडे ५२ आणि तुझ्या बजेटमध्ये फक्त ४८. उरलेल्या चार आठवड्यांना घर तर चालतंच, पण त्यांची तरतूदच नाही. आठवड्याचा खर्च ५२ ने गुणून १२ ने भाग, मग महिन्याचा खरा आकडा मिळेल.

कार्डाचं मात्र लगेच बघा. बिलातली 'किमान देय रक्कम' भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. महिन्याला ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवर बहुतेक कार्डं पहिल्या दिवसापासून व्याज लावतात. म्हणून जुनं फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवा. बचत खात्यात पैसे पडून असतील, तर आजारपणासाठी थोडे राखून बाकीचे या थकबाकीत भरा. बचतीवर मिळणारं व्याज याच्या जवळपासही येत नाही.

आणि रात्रीची उलटतपासणी आजपासून बंद. आठवड्यातून एकदा, लेक झोपल्यावर, अर्धा तास दोघांनी शेजारी बसायचं, समोरासमोर नाही. वही मधे. यावेळी आकडे त्याने वाचायचे आणि तू ऐकायचंस. पहिल्या दोन-तीन वेळा अवघडल्यासारखं होईल. महिन्याभराने ते पान कसं दिसतंय, मला जरूर कळव.

तुझी ताई